गार्डच्या घरी नारळ

शोभाताई घाटगे पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी जपानमध्ये शिकत होते आणि त्सुकुबा स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. विषय होता आमच्या विद्यार्थी वसतिगृहातले बंद पडलेले हीटर. लोक एकतर मी दिसतच नाही असे चालत जात होते, किंवा दोन्ही हातांनी पत्रक घेऊन, किंचित वाकून, न वाचता पिशवीत टाकत होते. तेवढ्यात जांभळ्या जाकिटातल्या एका बाईंनी पत्रक घेतलं, सायकल सगळ्यांच्या वाटेतच उभी केली, चष्मा चढवला आणि ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मग मराठीत विचारलं,

“पुण्याची काय गं तू?”

“कशावरून?”

“तीन परिच्छेद भूमिका मांडलीस. हीटर बंद हाय हे कळतंय चौथ्यात. ते वर घे. लोकांना थंडी कळती, भूमिका न्हाई कळत.”

मी चिडले. बाई बरोबर बोलत होत्या, म्हणून जरा जास्तच चिडले. त्यांना त्याचं काही नव्हतं. “शनिवारी काय करतीस?” त्यांनी विचारलं. “मोर्चा नसंल तर चल मॅच बघायला. मी येतो न्यायला.”

त्या दिवसापासून माझं नाव ‘मोर्चा’ पडलं. खरं नाव त्यांनी क्वचितच घेतलं.

‘मी येतो’ हे त्यांचं नेहमीचं बोलणं. शोभाताई कोल्हापूरच्या. तिकडच्या बायका म्हणतात तसं त्याही ‘मी येतो, मी जातो’ म्हणायच्या. इथल्या मराठी मंडळातले पुण्या-मुंबईचे लोक सुरुवातीला त्यावर हसायचे म्हणे. पुढे मंडळातल्या मुली, ज्या आईच्या मराठी प्रश्नाला हमखास जपानीत उत्तर देतात, त्या शोभाताईंकडे गेल्या की “काकू, मी जातो” म्हणायला लागल्या. मग हसणारे गप्प झाले. मुली निदान मराठी बोलतायत, कुठलं का असेना.

त्यांचे यजमान घाटगे काका इथल्या संशोधन संस्थेत धातूंवर काम करायचे. त्यांच्याबरोबर शोभाताई वीसेक वर्षांपूर्वी आल्या. आधी घरी होत्या, मग जपानी शिकल्या आणि एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या. ही माहिती खरी आहे, पण यात शोभाताई कुठेच नाहीत. त्या सापडायच्या विद्यापीठाच्या जिममध्ये, मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या बाकांमागे, तिसऱ्या रांगेत.

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. प्रत्येक पेठेची आपली टीम, आपले रंग, आपली भांडणं. कुठला खेळाडू कुणाकडे गेला यावरून सख्खे शेजारी महिनोनमहिने बोलत नाहीत. शोभाताई त्यात वाढल्या. “आमचे अण्णा देवाआधी पेठेचं नाव घ्यायचे,” असं त्या सांगायच्या, आणि आईनं त्यावर अण्णांना काय सुनावलं तेही सांगायच्या. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्सुकुबाला आल्यावर बाकीच्या बायका कढीपत्ता कुठे मिळतो ते शोधत होत्या तेव्हा या टीम शोधत होत्या, खेळ कुठलाही चालेल. सापडली ती हरणारी. खालच्या विभागात घसरलेली. मी विचारलं, “दुसरी नव्हती?”

“होत्या की. जिंकणाऱ्यांच्याकडं माणसं आपोआप जातात. हरणारीला कुणीतरी लागतं.”

जपानी पाठीराखे शिस्तीत ओरडतात. एक ढोल, ठरलेल्या टाळ्या, ठरलेली घोषणा, सगळे एका सुरात. त्या सुराच्या मधोमध शोभाताईंचा आवाज फाडत जायचा, “अगं मार की! वाट कुणाची बघतीस?” खेळणाऱ्या मुलींना शब्द कळायचे नाहीत, पण बोलणं आपल्यालाच आहे हे कळायचं. मध्यंतराला त्या भडंगाचा डबा फिरवायच्या. इथले चुरमुरे, कोल्हापूरची चटणी. पाठीराख्यांचे अध्यक्ष ओनुकी-सान बँकेतून निवृत्त झालेले, सदा टाय लावणारे गृहस्थ. ते एक चमचा घ्यायचे, डोळे पुसायचे, “फार चवदार” म्हणायचे आणि आणखी एक चमचा घ्यायचे. घाटगे काका मात्र गाडीतच पुस्तक वाचत बसायचे. ढोलानं त्यांचं डोकं दुखायचं.

सामना संपला की आम्ही कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचो आणि कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये बैठक व्हायची. तिला म्हणतात हान्सेईकाई, म्हणजे आपलं काय चुकलं ते सगळ्यांनी मिळून बघायचं. खेळल्या मुली, चुकांचा विचार करणार आम्ही. मला त्याचं हसू यायचं. शोभाताईंना ती बैठक फार आवडायची. “आमच्यात हेच कट्ट्यावर बसून करत्यात,” त्या म्हणायच्या, “फक्त इथं कुणी कॉलर धरत न्हाई.”

त्या उन्हाळ्यात बैठकीत एकच विषय होता. पुढच्या वर्षी शाळेच्या शिफारशीवर जी एक खेळाडू टीममध्ये घेता येणार होती, ती कोण? बहुतेकांचं मत उंच मुलगी घ्यावी, बास्केटखाली उभी राहणारी. थोड्यांना गार्ड हवी होती. गार्ड म्हणजे चेंडू पलीकडे घेऊन जाणारी, कधी कुणाला द्यायचा ते ठरवणारी. आणि गार्ड म्हटलं की शोभाताईंच्या तोंडी एकच नाव असायचं, नात्सुमी. आमच्याच प्रांतातल्या एका लहान गावच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. बुटकी. तिच्या शाळेचे दोन सामने आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

“बास्केटखाली आपण कमी पडतो,” ओनुकी-सान म्हणाले. “अशा वेळी इतकी लहानखुरी गार्ड म्हणजे... जरा कठीणच.”

“उंच मुलगी आणा ना,” शोभाताई जपानीत म्हणाल्या. “तिच्यापर्यंत चेंडू कोण नेणार? पोस्टानं पाठवायचा?”

टेबल हसलं. मोरी-सान म्हणून एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती, ती म्हणाली, “घाटगे-सानांचं खरं आहे. गेल्या सामन्यात चेंडू अर्ध्या मैदानापुढे जातच नव्हता.”

“पण एक गार्ड दुखापतीनं बसली की संपलं. उंची बसत नाही,” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“उंची बसती की. बाकावर,” शोभाताई मला मराठीत म्हणाल्या.

ओनुकी-सानांनी चहाचा कप बशीत नीट मध्यावर ठेवला. “शेवटी कोच ठरवतील. आपण काय, टाळ्या वाजवणारे.”

शोभाताईंचा चेहरा बदलला. “टाळ्या वाजवणारे म्हणजे बाहेरचे?”

“तसं नाही,” ओनुकी-सान म्हणाले. “विचार करू.” आणि त्यांनी गोड पदार्थांचं कार्ड उघडलं. इथे विषय असा संपतो.

गाडीत बसल्यावर शोभाताई म्हणाल्या, “त्या दोन्ही मॅचनंतर बघितलंस? बाकीच्या पोरींच्याकडं कुठल्या-कुठल्या कॉलेजची माणसं जाऊन बोलत होती. ही बुटाची नाडी बांधत बसली. बांधून झाली तर सोडून परत बांधली.”

मी पाहिलं नव्हतं. मी सामना बघत होते.

“आमच्या पेठेला पोरगा पाहिजे असला की चार माणसं नारळ घेऊन त्याच्या घरी जायची. आईला सांगायची, तुमचा पोरगा आम्हाला द्या. घेणार का न्हाई ते नंतर बघू, पण पाहिजे हाईस हे त्याला कळाय नको?” गाडी सिग्नलला थांबली. “इथं नारळ कुठं मिळंल गं?”

नारळ एका श्रीलंकन दुकानात मिळाला. मी सोबत गेले, कारण असलं काही चुकवणं मला शक्य नाही. नात्सुमीच्या आजीची नाशपातीची बाग होती, घर बागेला लागूनच. आजी दारात गुडघ्यांवर बसून वाकल्या. मागून नात्सुमी आली, शाळेच्या ट्रॅकसूटमध्ये. शोभाताईंनी जपानीत आधीच सांगून टाकलं, “मी कोच नाही. विद्यापीठाची कुणी नाही. मी मॅच बघायला येणारी बाई. आमच्या टीमला तू हवी आहेस, एवढं सांगायला आले.” आणि नारळ तिच्या हातात दिला.

तिनं तो छातीशी धरला, कोपरं बाहेर, चेंडू धरतात तसाच.

“मी बुटकी आहे,” ती म्हणाली.

“मी काय शिडी मागायला आले का?”

आजी खळखळून हसल्या. नात्सुमी हसली नाही. ती नारळाकडे बघत होती. आजी हळूच म्हणाल्या, “शाळा संपली की खेळ सोडणार म्हणते. बागेत माझ्याबरोबर काम करणार म्हणते.” मग नारळ फोडायचा कसा ते नात्सुमीनं विचारलं. शोभाताईंनी अंगणातल्या दगडावर एका फटक्यात फोडून दाखवला, पाणी वाटीत धरलं, खोबरं काढून सगळ्यांच्या हातावर ठेवलं. निघताना आजींनी नाशपातींची एवढी मोठी पिशवी दिली की मला ती मांडीवर घेऊन बसावं लागलं.

आमच्या विद्यापीठासाठी अर्ज करायचाय, असं नात्सुमीनं शाळेत जाऊन सांगितलं. इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

पण आजींना आनंद झाला होता, आणि आनंद झालेली आजी जगात कुठेही गप्प बसत नाही. “विद्यापीठाची माणसं मागणी घालायला घरी आली होती, भेट घेऊन,” असं गावभर झालं. ते शाळेपर्यंत गेलं. प्रवेशाच्या मुलाखती व्हायच्या होत्या, आणि त्याआधी टीमच्या बाजूचं कुणी खेळाडूच्या घरी भेटवस्तू घेऊन जातं, ही इथे साधी गोष्ट नाही, ते आमिष दाखवल्यासारखं होतं. आमच्या कोचला शाळेत जाऊन वाकावं लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, शिफारसपत्राचं जरा थांबवू. त्या पत्राशिवाय नात्सुमीला अर्जच करता येत नव्हता.

शोभाताई ओनुकी-सानांबरोबर शाळेत माफी मागायला गेल्या. मीही गेले, तोंड उघडायचं नाही या अटीवर.

कुणी आरोप केला नाही. इथली ही पद्धत मला अजून सहन होत नाही. तुमचा गुन्हा टेबलावर ठेवतात आणि सगळेजण चहाकडे बघत बसतात. मुख्याध्यापक हवेबद्दल बोलले. ओनुकी-सान नाशपातींबद्दल बोलले. मग शोभाताई उठल्या. कमरेतून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

“चूक माझी आहे. मुलीची नाही, कोचची नाही. ही मुलगी त्या विद्यापीठात असेपर्यंत मी टीमच्या जिममध्ये पाऊल ठेवणार नाही.”

मुख्याध्यापकांनी कप उचलला आणि चहाचा घोट घेतला. ओनुकी-सानांनी मान वळवून शोभाताईंकडे पाहिलं. त्यांना इतकं सरळ कुणाकडे बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शिफारसपत्र त्याच आठवड्यात निघालं.

बाहेर पार्किंगमध्ये माझा स्फोट झाला. “चार वर्षं! एका नारळासाठी! कुणी मागितलं होतं हे तुमच्याकडे?”

“तेच की,” त्या किल्ली शोधत म्हणाल्या. “मागितलं असतं तर घासाघीस केली असती. मागितलंच न्हाई म्हटल्यावर पुरतं द्यायला लागतं.”

“पण नियम कुठे लिहिलाय? दाखवा मला! वीस वर्षं तुम्ही त्या टीमसाठी घसा फोडताय. ओरडायच्या वेळी तुम्ही टीमच्या, आणि बोलायची वेळ आली की पाहुण्या?”

“ए मोर्चा, गाडीत बस. ओनुकी-सान बघायला लागलेत.”

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. या वेळी मुद्दा पहिल्याच वाक्यात होता. शोभाताईंनी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, चष्मा लावून, पूर्ण वाचलं.

“झकास लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “आता फाड.”

“का?”

“वर माझं नाव हाय, खाली पोरीचं. वाचणारा काय म्हणंल? हीच ती नारळवाली. पोरगी चार वर्षं नारळवाली म्हणून खेळंल. आत्ता कुठं तिला खेळावंसं वाटाय लागलंय.”

“म्हणजे अन्याय गिळायचा?”

“तू माझ्यासाठी भांडतीस ते कळतंय गं. पण माझं बघणं न्हाई झालं तर काय बिघडतंय? तिचं खेळणं झालं पाहिजे.”

मी पत्रक फाडलं. पटलं म्हणून नाही, त्यांनी सांगितलं म्हणून. आणि स्पष्टच लिहिते, मला ते आजही पुरतं पटलेलं नाही. न सांगितलेला नियम मोडला म्हणून माणसाला दाराबाहेर ठेवणं हा नियम नव्हे, ती खोड आहे. अशी खोड ज्यांना जन्मापासून माहीत असते तेच फक्त आतले ठरतात, बाकीचे वीस वर्षं टाळ्या वाजवूनही बाहेरचे. हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगेन. पण त्या खोलीतलं शांत टेबलही मला आठवतं. तिथे सगळे स्वतःला सांभाळत होते. मुख्याध्यापक शाळा सांभाळत होते, ओनुकी-सान अध्यक्षपद, आणि मी माझा राग. नात्सुमीचा विचार करणारी एकच बाई होती, आणि ती वाकून उभी होती. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ती पुढच्या वर्षी गणपतीत कळली. मंडळाच्या आरतीनंतर घाटगे काका प्रसादाची वाटी घेऊन माझ्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, “काका, नात्सुमीचं पहिलं अर्धं वर्ष तर सरलं. आणखी साडेतीन, मग ताई परत तिसऱ्या रांगेत.”

काकांनी वाटीतला केळ्याचा तुकडा चमच्यानं इकडून तिकडे केला. “साडेतीन कुठली? मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. आम्ही परत चाललोय कोल्हापूरला. तुला बोलली नाही ती?”

“कधी ठरलं?”

“तारीख तर कधीची ठरलेली. शाळेत माफी मागायला गेली, त्याच्या कितीतरी आधी.”

म्हणजे ‘चार वर्षं’ म्हणताना शोभाताईंना ठाऊक होतं की आपण म्हणतोय ते ‘कधीच नाही’. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. त्या मुलींच्या घोळक्यात बसून आरतीचा एक शब्द कसा म्हणायचा ते हातवारे करून शिकवत होत्या.

मला नागोयाला नोकरी लागली. निघायच्या आधीच्या रविवारी घरच्या मैदानावर लीगचा सामना होता, आणि नात्सुमी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होती. आमच्या विभागाचे सामने कुणी मोबाईलवर दाखवत नाही, त्यामुळे ताईंना घरूनही बघता येणार नव्हतं. मी जिमला पोचले तर शेजारच्या सायकल स्टँडमध्ये जांभळं जाकीट.

“ताई! तुम्ही इथे?”

“स्टँड काय जिममध्ये मोजत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “ओनुकी-सानांना विचारून घेतलंय.”

आत ढोल सुरू झाला. तेवढ्यात जिमचं बाजूचं दार किरकिरलं आणि ओनुकी-सान दिसले, टायमध्ये. त्यांनी दार हातभर सरकवलं. “आत फार उकडतंय,” ते हवेला उद्देशून म्हणाले आणि निघून गेले. थंडी पडली होती. माझ्या अंगात स्वेटर होता.

दाराच्या फटीतून अर्धं मैदान स्वच्छ दिसत होतं. नात्सुमी रेषेपाशी उभी होती, केस घट्ट बांधून, बाकीच्यांच्या खांद्याइतकी. मी म्हटलं, “बघा ना आता! पाय तर बाहेरच आहेत तुमचे.”

शोभाताईंनी दाराकडे पाठ केली.

“नको. दिसलं की मी ओरडणार. मी ओरडलो की ती इकडं बघणार. आणि गार्डनं इकडं बघितलं की चेंडू गेला.” मग माझ्याकडे बघून डाफरल्या, “तू का उभी? जा की आत. खेळ सुरू झाला.”

मी आत गेले. तिसऱ्या रांगेत बसले नाही, दारासमोरच्या बाजूला जागा घेतली. तिथून मैदानाच्या पलीकडे, त्या हातभर फटीत, शोभाताई दिसत होत्या. म्हणजे त्यांची पाठ. एक हात कुणाच्या तरी सायकलच्या सीटवर, मान किंचित वाकडी, कान आतल्या बाजूला. नात्सुमीनं चेंडू पुढे न्यायला सुरुवात केली, ठप, ठप, ठप. इतक्यात समोरच्या मुलीनं हात घातला आणि चेंडू निसटला. आमच्या बाजूला कुणी काही म्हणायच्या आत बाहेर ती पाठ दचकली. मग सीटवरचा हात घट्ट झाला, आणि त्या पुन्हा सरळ उभ्या राहिल्या.